जाऊबाईंच्या गोधडीला आलेला फुगा

चतुराबाई प्रेमळ नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गोधड्या शिवणारी सत्तरीची बाई म्हटलं की वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुरकुतलेले हात, मायेची ऊब वगैरे लगेच उभं राहतं. ऊब त्यांच्या गोधडीत असते. बाईंमध्ये फारशी नाही. इंदिरानगरला आमची सोसायटी झाली तेव्हापासून त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहतात आणि इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला माफ केल्याचं मी पाहिलेलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने एकदा पिशवीच्या तळाशी किडकी वांगी घातली होती. तो भाजीवाला थकला, आता त्याचा मुलगा गाडी लावतो. चतुराबाई त्या गाडीवरून अजून कोथिंबिरीची काडी घेत नाहीत. "रक्त तेच ना," म्हणतात.

माहेर चांदवडकडचं, सासर पिंपळगाव बसवंतचं. सासरी द्राक्षबागा, मोठं खटलं. नवरा, खंडेराव, धाकटा. तो नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला लागला आणि दोघं इकडे आली. खंडेराव सात-आठ वर्षांपूर्वी गेले. अबोल, सज्जन माणूस. सोसायटीच्या मीटिंगला चहापुरता यायचा. मूल झालं नाही. दोष कुणात ते डॉक्टरने कधी तपासलं नाही, पण पिंपळगावात ते तपासायच्या आधीच ठरलं होतं.

ठरवणारी बाई म्हणजे त्यांची मोठी जाऊ, नवसाबाई.

त्या घरात एक रीत होती. बाळ यायचं असलं की, नाहीतर आल्या आल्या, त्याच्या पहिल्या गोधडीला, दुपट्याला म्हणतात ते, घरातली प्रत्येक बाई धावदोऱ्याची एकेक ओळ घालायची. सासू, जावा, नणंदा, सगळ्या ओटीवर गोल बसून. शेवटचं ठिगळ मधोमध, आणि ते शिवून टाकायच्या आधी त्याच्याखाली पोळीचा घास नि चिमूटभर साखर ठेवायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

नवसाबाईंना दोन मुलींवर मुलगा झाला. शेखर. त्याच्या दुपट्याला चतुराबाईंनी आपली ओळ घातली. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोरा चिंतामणी रंगाचा होता, हे त्या अजून सांगतात. नवसाबाई बाळंतिणीच्या खोलीतून उठून बाहेर आल्या, दुपटं उचललं, उजेडाकडे धरलं, चिंतामणी रंगाचा दोरा शोधला आणि सगळ्यांच्या देखत ब्लेडने ती ओळ उसवली. टाका टाका करून. वर म्हणाल्या, "हिचा हात यात नको."

बाकीच्या बायका सुया ओवत राहिल्या. एक नणंद हसली म्हणे. ती नणंद वारली तेव्हा चतुराबाई दहाव्याला गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या घरात जितकी बाळं झाली तितक्या वेळा दुपटं शिवायला बसताना चतुराबाईंना काहीतरी काम काढून दिलं गेलं. जा गं, दळण आण. जा गं, ते वाळवण बघ. शेखरच्या मुलीच्या वेळी, निकिताच्या वेळी, तर त्या नाशकात राहत होत्या. त्यांनी इथून पूर्ण शिवलेली गोधडी पाठवली. ती पुढे शेखरच्या ट्रॅक्टरच्या सीटवर दिसली. खंडेरावांनी पाहिली आणि घरी येऊन सांगितलं. बिचाऱ्याने सांगायला नको होतं.

तर, अशी ही बाई गोधड्या शिवायला लागली ती मायेपोटी नव्हे. मी एकदा विचारलं तेव्हा सरळ म्हणाल्या, "तिनं एका बाळाच्या अंगाखालून माझा हात काढला. मी म्हटलं, थांब. सगळ्या नाशकातली बाळं माझ्या हातावर झोपवते." आणि झोपवली. आमच्या भागात आता कॉलेजात जाणारी कितीतरी पोरं आहेत ज्यांनी पहिली शी-शू चतुराबाईंच्या टाक्यांवर केलेली आहे. डॉक्टरीणबाईंच्या जुळ्यांपासून वॉचमनच्या नातवापर्यंत.

कामाचा एक नियम मात्र कडक. दुसऱ्याने घातलेला टाका त्या उसवत नाहीत. अर्धवट, बिघडलेल्या गोधड्या घेऊन लोक येतात, आमच्या आईने सुरू केली होती, सासूबाईंच्या हातून वाकडी गेली. चतुराबाई बघतात आणि म्हणतात, "जिनं घातला तिच्याकडून उसवून आणा. मग मी बसते." आई वारली असेल तर? "मग तशीच पांघरा."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर निकिता आली. शेखरची मुलगी. लग्न होऊन नाशकातच, गंगापूर रोडला राहते, बँकेत आहे, आणि तेव्हा सातवा महिना. चतुराबाईंवर तिचा जीव आहे. लहानपणी सुटीत चोरून इथे यायची. पिशवीतून तिने एक घडी काढली आणि म्हणाली, "नाशिकची आजी, एक काम आहे. पण चिडायचं नाही."

चतुराबाईंच्या खोलीत गोधडी पसरायला जागा नाही, म्हणून अशी कामं माझ्या हॉलमध्ये होतात. टीपॉय भिंतीला लावायचा, गालिचा गुंडाळायचा. निकिताने ती घडी फरशीवर पसरली. गोधडीचा वरचा थर होता तो, म्हणजे तुकडे जोडून केलेली दर्शनी बाजू. आत घालायच्या साड्या आणि खालचं आस्तर अजून लागायचं होतं. तुकडे सुरेख होते. जुन्या लुगड्यांचे, इरकलीचे, मधे कुणाच्या तरी शालूचा चौकोन. पण ती फरशीवर बसेना. चारी कडा घट्ट आणि मधे भला मोठा फुगा. एका बाजूने दाबला की दुसरीकडे वर यायचा.

मी म्हटलं, "हे काय, खाली मांजर आहे का?"

चतुराबाई गुडघ्यावर बसल्या. हात फिरवला. कडेची पट्टी बोटांत धरून ओढून पाहिली. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, हिला लॉटरी लागली.

"जाऊबाईंनी जोडली ना ही?"

निकिता खाली बघत म्हणाली, "तुला कसं कळलं?"

"पट्टी ओढून घेतलीय. प्रत्येक फेरीला. सगळंच ओढून घ्यायची सवय."

झालं होतं असं की नवसाबाईंनी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, हट्ट धरला होता की पणतीचं किंवा पणतवाचं दुपटं मीच करणार. कुणाला हात लावू दिला नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नको. मधला भाग जमला. भोवतीच्या पट्ट्या जोडताना माप घेतलं नाही, कडेकडेने ताणत नेल्या, आणि प्रत्येक फेरीला कड आखडत गेली. मधलं कापड जाणार कुठे? वर आलं. थोडा फुगा असला तर धावदोऱ्याच्या टाक्यांत जिरतो. हा जिरणारा नव्हता. निकिताने आजीला सांगितलं, नाशकात एक शिवणकामवाली आहे, तिला दाखवते. नाव सांगितलं नाही.

"म्हणजे मी गुपचूप सरळ करून द्यायची," चतुराबाई म्हणाल्या. "आणि नाव त्यांचं."

"नाव कशाला कुणाचं हवं गं? बाळाला काय कळतंय?"

"बाळाला नाही. मला कळतंय." त्या उठल्या, गुडघे धरून. "या पट्ट्या उसवल्याशिवाय काही व्हायचं नाही. आणि मी उसवत नाही, तुला माहीत आहे."

"मी उसवते."

"तू घातल्यास का?"

मी मधे तोंड घातलं. "अहो, आणा इकडे ते ब्लेड, दहा मिनिटांचं काम आहे, मीच—"

चतुराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा निर्णय झालेला होता. "जाऊबाईंना सांग, गोधडी चतुराकडे आहे. हवी असली तर स्वतः येऊन घेऊन जा म्हणावं. तुझ्या हाती मी देणार नाही."

निकिता रडवेली झाली. मलाही वाटलं, सातव्या महिन्यातल्या पोरीला कशाला त्रास. पण मी बोलले नाही. इतकी वर्षं एखादी बाई एका दिवसाची वाट बघत असेल तर मी कोण मधे येणार?

संध्याकाळीच फोन आला. चतुराबाईंना कमी ऐकू येतं, त्या स्पीकर लावतात, त्यामुळे सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असणार.

"चतुरा बोलती का?"

"बोलते."

"लय दिवसांनी आवाज ऐकला तुझा. अजून टणक हायेस."

"तुमच्या कृपेने."

"माझं दुपटं पोरीच्या हाती दिऊन टाक."

"या की न्यायला. रस्ता तोच आहे. ट्रॅक्टरवर या, सीटला गोधडी आहे चांगली."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. मग, "जीभ अजून तशीच हाय तुझी."

"हात पण तसाच आहे," असं म्हणून यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "येणार. तिच्या आईचं लुगडं आहे त्यात. आणि माझ्याकडे ठेवायची तिची छाती नाही."

रविवारी आल्या. शेखरने गाडीतून आणलं. निकिताही आली. नवसाबाईंना मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं होतं धिप्पाड, करारी बाई असेल. काठीएवढी म्हातारी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, कपाळावर मोठं गोंदण, आणि जिना चढून दम लागलेला असतानाही त्यांनी नजर फिरवून माझ्या हॉलची किंमत केली. बसा म्हटलं तर म्हणाल्या, "बसाया नाय आले. द्या माझं."

चतुराबाईंनी दुपटं हॉलच्या मधोमध आधीच पसरून ठेवलं होतं. मुद्दाम. खिडकीचा उजेड तिरका पडत होता आणि फुगा अगदी डोळ्यात भरत होता. शेखर भोळेपणाने म्हणाला, "आई, हे असंच असतं का गं मधे?"

"दबंल," नवसाबाई म्हणाल्या. "बाळाचं वजन पडलं का दबंल."

चतुराबाईंनी स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेला पेला आणला. काही न बोलता फुग्यावर ठेवला. हात काढल्याबरोबर पेला कलंडला आणि पाणी शेखरच्या मोज्यांपर्यंत गेलं.

"बाळ ठेवायचंय त्याच्यावर की कलिंगड?"

निकिताला हसू आलं. तिने तोंडावर हात घेतला, पण नवसाबाईंनी पाहिलं. तिथे त्या हरल्या असं माझं मत आहे. पुढचं सगळं नुसतं पार पडायचं राहिलं होतं. त्या हळूहळू खाली बसल्या. दुपट्याची कड हातात घेतली. बोटांनी चाचपत गेल्या, चारी बाजूंनी. बाईला कळत होतं. बोटांना कळत होतं.

"पट्टी काढाया पाहिजे," शेवटी म्हणाल्या.

"हो."

"मंग काढ."

"मी कुणाचा टाका उसवत नाही जाऊबाई. ते काम तुमचं." आणि चतुराबाईंनी कनवटीला लावलेल्या पिशवीतून ब्लेड काढून, कागदातून सोडवून, त्यांच्यासमोर फरशीवर ठेवलं.

शेखरला काही कळलं नाही. निकितालाही नाही. खोलीत कळलं ते फक्त त्या दोघी जावांना आणि मला. नवसाबाईंनी ब्लेडकडे पाहिलं, मग जावेकडे. मला वाटलं, आता उठेल, तसंच गुंडाळून नेईल. त्यांनी ब्लेड उचललं.

आणि उसवायला लागल्या. दिसत नव्हतं. टाका नखाने शोधायच्या, ब्लेड त्याच्याखाली सरकवायच्या. एक टाका तुटायचा, मग परत चाचपणी. चतुराबाई खुर्चीत बसून बघत होत्या. टीव्हीवर आवडती मालिका बघावी तशा. मी चहा केला. कुणी घेतला नाही. पहिली बाजू अर्धी झाली असेल नसेल, नवसाबाईंच्या अंगठ्यातून रक्ताचा ठिपका आला तशी निकिता ओरडली.

"पुरे! काय चाललंय हे? तिला दिसत नाहीये, दिसतंय ना तुला?"

"दिसत नव्हतं तर शिवायला कशी बसली?" चतुराबाई म्हणाल्या.

"तू इतकी दुष्ट असशील असं मला वाटलं नव्हतं. मला नकोच ही गोधडी. मी ऑनलाइन मागवते!"

इथे चतुराबाईंचा चेहरा बदलला. कारण आता हातातून सगळंच जात होतं. उसवून घ्यायचं सुख मिळालं, पण दुपटं गेलं, तर त्या दुपट्यात त्यांचा हात कुठून येणार? मी त्यांच्या जागी असते तर पोरीला गोड बोलले असते. त्या नाही बोलल्या. त्या निकिताकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"जाऊबाई, हिला सांगा. मी ब्लेड तुमच्याच हातात का दिलं."

"काय सांगू?"

"शेखरच्या दुपट्यातली माझी ओळ. सांगा."

शेखर म्हणाला, "माझ्या? मी काय केलं?"

"तू काही नाही केलं बाबा, तू झोपला होतास."

नवसाबाई परत टाके चाचपायला लागल्या. तेव्हा चतुराबाईंनी सांगितलं. तीन-चार वाक्यांत. चिंतामणी दोरा, ब्लेड, हिचा हात यात नको. निकिता आजीकडे बघत राहिली. "खरंय, आजी?"

"सासूबाईंनी सांगितलं व्हतं," नवसाबाई म्हणाल्या. "मी कोण व्हते तवा? सासू सांगल ते."

"सासूबाई देवीच्या गडावर होत्या," चतुराबाई म्हणाल्या. "चैत्र होता. यात्रेहून त्या तीन दिवसांनी आल्या, आणि आल्यावर विचारलं, चतुराची ओळ कुठाय? तुम्ही म्हणालात, तिनं घातलीच नाही."

हे मलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी एवढा तुकडा आपल्याजवळ ठेवला होता.

नवसाबाईंनी ब्लेड खाली ठेवलं. पदर सोडला तोंडातून. आणि म्हणाल्या, अगदी शांतपणे, "हो. म्याच उसवली. दोन पोरींवर पोरगा झाला व्हता मला. रातभर जागी राहून बघायचे, श्वास चाललाय का. तुझा हात लागला आन त्याला काय झालं असतं तर?"

"आणि मला काय झालं?"

"तुझा इचार नाय केला. पोराचा केला."

"चुकलं म्हणा."

"नाय म्हणणार."

शेखर उठून गॅलरीत गेला. पुरुषांना अशा वेळी गॅलरी बरी पडते. निकिता खुर्चीच्या कडेला बसली, पोटावर हात ठेवून, आणि बराच वेळ दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. मला तिची कीव आली. दोन्ही आज्या तिच्या, आणि एकीलाही लाज नाही.

"ट्रॅक्टरवरची गोधडी," ती एकदम म्हणाली. "लाल काठाची. ती कुणाची होती?"

"तुझी," चतुराबाई म्हणाल्या.

निकिता खुर्चीवरून उतरून आजीशेजारी फरशीवर बसली. आजीच्या हातातल्या पट्टीचं टोक तिने नीट सरळ करून धरलं, उजेडाकडे, आणि म्हणाली, "आजी, उसव. मी धरते."

आणि नवसाबाईंनी उसवली. सगळी. चारी बाजू. निकिता धरायची, त्या टाके तोडायच्या. चतुराबाईंनी एकदाही, राहू द्या, म्हटलं नाही. मीही नाही. शेवटची पट्टी सुटली तसा मधला भाग फरशीवर आपोआप सपाट पडला. फुगा म्हणून काही राहिलाच नाही. कापडाचा दोष कधीच नव्हता.

"शिवशील ना आता?" निकिताने विचारलं.

"शिवीन. पण सगळ्या ओळी माझ्या. यात दुसऱ्या कुणाचा हात नको."

मला ऐकून काटा आला, खोटं कशाला बोलू. पण चांगला काटा. निकिताने आजीकडे पाहिलं. नवसाबाई भिंतीला धरून उठत होत्या. दारापर्यंत गेल्या, चपला चाचपल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "शिव म्हणावं तिला. बाळाला पाठ टेकाया सपाट पाहिजे."

पुढचे काही दिवस माझ्या हॉलची धर्मशाळा झाली. चतुराबाईंनी आधी मधल्या भागाचं माप घेतलं, कडेवरून नाही, बरोबर मधोमध दोरा टाकून, कारण कड ताणली जाते आणि खोटं बोलते. त्या मापाच्या पट्ट्या हव्या होत्या. नवसाबाईंच्या पट्ट्या आखूड पडल्या, पडणारच. मग यांनी आपली एक चिंतामणी रंगाची साडी काढली, नवी कोरी नव्हे, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि चारी कोपऱ्यांना तिचे तुकडे जोडले. म्हणजे आता दुपट्यात कापडही त्यांचं आलं. "मी मागून घेतलं नाही," मला म्हणाल्या. "तिच्याच पट्ट्या कमी पडल्या." मग आत जुनी सुती साडी, खाली आस्तर, आणि कडेकडून आत येत येत धावदोरा. इतका बारीक की मी चष्म्यावर चष्मा लावून पाहिला. मधल्या ठिगळाखाली पोळीचा घास आणि साखर ठेवताना त्यांनी मला बोलावलं, "बघा, साक्षीला या," म्हणून. कोर्टात जायचं असल्यासारखं.

झाल्यावर फरशीवर टाकली. पाण्यासारखी पसरली.

डोहाळेजेवण पिंपळगावला झालं. आजवर अशा कार्यांना चतुराबाईंना आमंत्रण नसे, आणि असलं तरी वाढपापुरतं. या वेळी निकिताने स्वतः गाडी पाठवली. मीही गेले; मला बघायचं होतं. दुपटं पाटावर ठेवलेलं, बायका उलटून सुलटून बघत होत्या. कोणीतरी नात्यातली म्हणाली, "अगंबाई, किती नाजूक काम! नवसामावशी, तुम्ही केलं?"

नवसाबाई म्हणाल्या, "आम्ही दोघींनी मिळून केलं."

चतुराबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला ताट घेऊन बसल्या होत्या. कमी ऐकू येणाऱ्या बाईला हे बरोबर ऐकू आलं. जिलबीचा तुकडा ताटात ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोघींनी नाही. जोडलं त्यांनी, फुगवलं त्यांनी. शिवलं मी."

कोणीतरी घाईघाईने मठ्ठा वाढायला घेतला.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "झालं ना आता तुमच्या मनासारखं?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ओझरच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "तोंडातून एकदा चुकीचं निघालंय तिच्या. परत निघेल. तिचं घर, तिचे लोक. मी तिथे रोज थोडीच असणार?"

हा प्रश्न त्यांना महिनाभर छळत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे निकिता पिंपळगावलाच राहिली. मुलगी झाली. दुपटं तिकडे. रोज ओलं होतं, रोज धुतलं जातं आणि बंगल्याच्या पुढच्या कठड्यावर उन्हात पडतं, रस्त्यावरून जाणारं येणारं बघतं. कोण येऊन काय विचारतं आणि नवसाबाई काय उत्तर देतात, हे इंदिरानगरात बसून कसं कळणार?

कळतं. चतुराबाई एक दिवसाआड फोन करतात. निकिताला नाही, जाऊबाईंना. माझ्याच हॉलमध्ये बसून, कारण माझ्याकडे रेंज चांगली. स्पीकर चालू.

परवाचाच सांगते.

"काय करते बाळ?"

"झोपलीया."

"कशावर?"

"तुला ठावं नाय का कशावर?"

"आज कोण आलं होतं?"

"कुणी नाय."

"निकिता तर म्हणाली, द्राक्षांच्या पॅकहाऊसवाल्यांची सून आली होती."

"आली व्हती. मंग?"

"तिनं विचारलं का, दुपटं कुणी शिवलं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. नवसाबाईंनी ती पूर्ण होऊ दिली.

"विचारलं."

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं जे सांगायचं ते."

"काय सांगितलं, ते मला सांगा."

मी पेपर वाचायचं नाटक सोडून दिलं.

"चतुरानं शिवलं. माझ्या धाकट्या जावंनं. एकटीनं. झालं? भरलं पोट?"

"नाही," चतुराबाई म्हणाल्या. "परवा परत फोन करते."